ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांतून नाडीच्या पिशव्या: माप, नेफा, अस्तर याबद्दल विचारायचंय

गोधडीकर, अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटानं उरलेल्या कापडातून ५० नाडीच्या पिशव्या शिवायचं ठरवलंय. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर गावातच हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना त्या द्यायच्यात. एका पिशवीत साबणाची डबी, कंगवा, ब्रश, पेस्ट, छोटा टॉवेल आणि पॅडचं पाकीट एवढं बसावं. दसऱ्यानंतर टोळ्या निघायला लागतात, त्यामुळं दिवाळीच्या आत काम उरकायचंय.

कापड असं आहे: ब्लाउज शिवून उरलेले सुती आणि टू बाय टूचे तुकडे पोतंभर, शाळेच्या गणवेशाचं निळं-खाकी टेरिकॉट बऱ्यापैकी मोठ्या तुकड्यांत, आणि धुऊन ठेवलेल्या चार जुन्या सुती साड्या. मशीन पायाचीच आहेत. ओव्हरलॉक नाही.

विचारायचं ते हे. माप काय धरावं? तुकडे जोडून केलेल्या पिशवीत आतून शिलाया उसवू नयेत म्हणून अस्तर लावावंच लागेल का? नाडी एक घालावी की दोन? आणि नेफा किती ठेवला म्हणजे नाडी अडकणार नाही? पोरी रोज वापरणार, हातानं धुणार, दगडावर आपटणार. त्या हिशोबानं सांगा.

---

उभा_धागा, लातूर

ताई, आधी तुकड्यांची निवड करा, माप नंतर. प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी आडवा-उभा ताणायचा. धागे सरकून फट दिसली की तो बाजूला टाका. जुन्या साडीला ही परीक्षा जास्त कडक लावा. बसण्याच्या जागी आणि पायाशी घासणाऱ्या काठालगत साडी आधी विरते. पदराचा भाग आणि खोचलेला भाग सहसा शाबूत निघतो. विरलेलं कापड नव्याला जोडलं तर नवं कापड त्याला ओढतं आणि टिपेलगतच फाटतं. शिलाई कितीही चांगली असली तरी तिथं उपयोग नाही.

दुसरी निवड कापडाच्या जातीची. एका पिशवीच्या तुकड्यांच्या भागात सुती आणि टेरिकॉट एकत्र करू नका. पहिल्या धुण्यात सुती आटतं, टेरिकॉट आटत नाही, आणि पिशवीला सगळीकडं चुण्या पडतात. टेरिकॉट वरच्या पट्टीला आणि नाडीला ठेवा. तिथं एकसारखं, न आटणारं, मजबूत कापड लागतंच.

आता माप. तुमच्या सामानाला १० इंच रुंद आणि पावणेबारा इंच उंच अशी तयार पिशवी बरोबर आहे. तोंड आवळल्यावर वरचे दोन-अडीच इंच जातात, म्हणजे वापरायला साडेनऊ इंच उरतात. यात लाँगबुक वही बसत नाही, तो विचार सोडून द्या. वहीसाठी शिवायची असेल तर ती वेगळी, १४ इंचांपेक्षा उंच लागेल.

एका बाजूचा हिशोब: ४ इंचाचे चौकोन ९, तीन ओळींत तीन-तीन. जोडताना माया (टिपेपलीकडं सोडायचं कापड) पाव इंच. जोडून झाल्यावर ११ बाय ११ चा पत्रा, म्हणजे जोडलेलं सलग कापड, तयार होतो. याच्या डोक्यावर अखंड कापडाची पट्टी, ११ इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच. मागची बाजू अशीच. म्हणजे पिशवीमागं १८ चौकोन आणि २ पट्ट्या.

वरची पट्टी अखंडच हवी, यात तडजोड नको. नेफ्यात जोड आला की मायेच्या कडा आत उभ्या राहतात आणि नाडी ओवताना सेफ्टी पिन तिथंच रुतते. पुढं रोजच्या ओढाओढीत तोच जोड आधी उसवतो.

अस्तर लावाच. तुकड्यांच्या भागापुरतं, ११ बाय ११. नेफ्याच्या भागाला अस्तर नको, जाड होतं. कृती सांगतो. चौकोनांचा पत्रा सुलटा ठेवा, त्याखाली अस्तर. दोन्हीची वरची कड जुळवून कडेपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत टीप मारून धरून ठेवा. मग पट्टी सुलट्यावर सुलटी ठेवून पाव इंचावर जोडा. माया वरच्या अंगाला, म्हणजे पट्टीकडं, दाबा. पुढं नेफा दुमडला की ही माया आपोआप नेफ्याच्या पोटात जाते आणि आतून एकही कड उघडी दिसत नाही.

दोन बाजू सुलट्यावर सुलट्या ठेवून एका कडेच्या पट्टीच्या जोडापासून खाली, तळ, आणि पुन्हा वर दुसऱ्या जोडापर्यंत अर्ध्या इंचावर टीप. पट्टीचा भाग दोन्हीकडं मोकळा सोडायचा. सुरुवातीला आणि शेवटी टीप तीन-चार टाके मागं-पुढं फिरवून पक्की करा, सगळा ताण त्या दोन टोकांवर येतो. पट्टीच्या मोकळ्या कडा पाव-पाव इंच दोनदा आत मुडपून शिवा. त्यानंतर वरची कड पाव इंच मुडपून पट्टी निम्म्यात दुमडा. दीड इंचाचा नेफा तयार होतो आणि त्याची आतली कड बरोबर जोडटिपेवर येऊन बसते. कडेलगत एक टीप, आणि डोक्यापासून पाऊण इंचावर दुसरी. दोन टिपांमधल्या वाटेनं नाडी जाते, वरच्या पाऊण इंचाची झालर होते.

टाके इंचाला १० ते १२. सुई १४ नंबर. पट्टीच्या कोपऱ्यावर कापडाचे बरेच थर एकावर एक येतात. तिथं पायाचा वेग सोडून चाक हातानं फिरवा, नाहीतर सुई मोडते किंवा टाका सुटतो.

---

पाचखणी, परभणी

उभा_धागा यांचं माप बरोबर आहे. नाडीचं मी लिहिते.

नाड्या दोनच घाला. एका नाडीची पिशवी एकाच बाजूनं आवळते, चुण्या सगळ्या एका कोपऱ्यात गोळा होतात आणि दुसऱ्या टोकाला तोंड थोडं उघडंच राहतं. कंगवा, ब्रश तिथून बाहेर येतात. दोन नाड्यांत पहिली उजव्या फटीतून आत घालायची, पुढच्या नेफ्यातून डावीकडं, तिथून मागच्या नेफ्यात, आणि पुन्हा उजवीकडंच बाहेर. दुसरी डावीकडून निघून डावीकडंच परत. दोन्ही गाठी ओढल्या की तोंड मधोमध घट्ट बसतं.

लांबी: रुंदीच्या दुप्पट अधिक ८ इंच. म्हणजे २८ इंचाची एक नाडी, पिशवीला ५६ इंच. त्याहून लांब करू नका. लोंबती नाडी बादलीत पडते, पायात येते, आणि वसतिगृहात लहान भावंडं बरोबर असतात, त्यांच्या गळ्याशी लांब नाडी नको. टोकाला मणी, घुंगरू, लटकन काही लावू नका, तेही त्याच कारणानं.

घरी नाडी करायची तर दीड इंचाची पट्टी कापा. आधी उभी निम्म्यात दुमडून घडी पाडा, उघडा, दोन्ही कडा घडीपर्यंत आत आणा, पुन्हा मिटा. तीन सूत रुंदीची चौपदरी नाडी होते. मोकळ्या कडेला काठावरून टीप. पाऊण इंचाच्या वाटेत ती मोकळी धावते. नाडीच्या दुप्पट जागा नेफ्यात पाहिजेच. त्याहून कमी ठेवली तर नवी असताना चालते, पण धुऊन नाडी फुगली की अडकते.

पट्टी नेहमी उभ्या धाग्यावर कापा. ब्लाउजच्या मुंढ्याजवळचे, गळ्याजवळचे तुकडे उरेब (धाग्याला तिरके कापलेले) असतात. त्यांची नाडी ओढली की लांबते, बारीक होते आणि शेवटी तुटते. लांबी पुरत नसेल तर जोड सरळ न देता तिरका द्या. दोन पट्ट्या काटकोनात एकमेकींवर ठेवायच्या, कोपऱ्यातून कोपऱ्यात टीप, मग माया छाटून उघडी दाबायची. सरळ जोडात सगळी जाडी एका जागी येते आणि तीच नेफ्याच्या तोंडाशी अडते.

टेरिकॉटची नाडी सरकते छान, पण गाठ सैल होते. म्हणून दोन्ही टोकं एकत्र धरून साध्या गाठीऐवजी त्याच गाठीत एक वेढा जास्त घ्या, ओढून घट्ट करा, आणि गाठीच्या पोटातून दोन टाके मारा.

---

वाकळ, धाराशिव

एक वेगळं मत मांडते. सगळं कापड ४ इंचाच्या चौकोनांत कापू नका. पोत्यात ११ इंचाचा अखंड तुकडा सापडला तर तो अखंडच वापरायचा. कापून पुन्हा जोडण्यात वेळ, दोरा आणि मजबुती तिन्ही जातात. जोड जितके कमी तितकी पिशवी टिकते, आणि तुकड्यांची नक्षी आपल्याला कितीही आवडली तरी पोरीला पिशवी टिकायला हवीय.

आणि ब्लाउजचं उरलेलं कापड चौकोनी क्वचितच असतं. लांब पाचरी असतात, एका टोकाला चार बोटं, दुसऱ्या टोकाला दोन. त्यातून चौकोन काढायला गेलात तर निम्मं कापड वाया. त्यासाठी पायाच्या कापडावर पट्ट्या शिवायची रीत घ्या.

जुन्या साडीचा साडेअकरा इंचाचा चौकोन पाया म्हणून घ्या. पहिली पट्टी एका कडेला सुलटी ठेवा. दुसरी तिच्यावर उलटी ठेवून कड जुळवा आणि पाव इंचावर तिन्ही थरांतून टीप मारा. दुसरी पट्टी उलटवून नखानं दाबा. मग तिसरी. पाचर असली तरी चालते, एकीचं जाड टोक वर तर दुसरीचं खाली, म्हणजे तिरकस वाढत नाही. पाया भरला की चारी कडा छाटून ११ बाय ११ करा. अर्धा इंच जास्त घेतो तो याचसाठी, टिपा पडत गेल्या की पाया थोडा आकसतो.

यात वेगळं अस्तर लागत नाही, पायाच अस्तर. सगळ्या माया पट्टी आणि पाया यांच्यामध्ये बंद. उरेब पट्टीसुद्धा इथं खपते, कारण तिला खालचं कापड धरून ठेवतं. एकच लक्ष ठेवा. पट्ट्यांची रुंदी इंचभरापेक्षा कमी नको, नाहीतर माया मायेवर चढते आणि कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं. ती पिशवी आवळत नाही, वाळतही नाही लवकर.

---

गोधडीकर, अंबाजोगाई

फार उपयोगाचं सांगितलंत सगळ्यांनी. पायावर पट्ट्यांची रीत आमच्याकडं वाकळ शिवणाऱ्या बायकांना लगेच जमेल. अखंड तुकडे वेगळे काढायला घेतलेत.

अजून तीन शंका. पिशवीच्या आत कडेच्या अर्ध्या इंच मायेचं काय करायचं, ओव्हरलॉक नाही तर सुतं निघत राहतील ना? खणाचे लाल आणि गडद हिरवे तुकडे बरेच आहेत, ते रंग सोडतात. मीठ-तुरटीच्या पाण्यात ठेवले तर चालेल का? आणि तळ सपाट करावा का, साबणाची डबी नीट बसेल म्हणून?

---

उभा_धागा, लातूर

कडांचं: दोन सोपे उपाय आहेत. अस्तराच्या पिशवीला इंचभर रुंद सुती पट्टी घ्या, साडीचीच, आणि चारही थरांवरून कड तिच्यात गुंडाळून शिवा. सरळ कडेला पट्टी उभ्या धाग्याची चालते, उरेबची गरज नाही. दुसरा उपाय, अर्ध्या इंचाच्या टिपेनंतर एक सूत बाहेर दुसरी टीप, आणि कडेवर मशीनची नागमोडी टीप असेल तर ती. साध्या पायमशीनला नागमोडी नसते, म्हणून पट्टी गुंडाळणंच बरं.

अखंड, बिनअस्तराची पिशवी असेल तर तिला फ्रेंच शिलाई द्या. आधी उलट्यावर उलटी ठेवून पाव इंचावर टीप, माया एक सूत ठेवून छाटा, कापड उलटवा, मग पुन्हा पाव इंचावर टीप. दोन्ही मिळून अर्धा इंचच जातो, माप बदलत नाही. यात पिशवी अखंड असल्यानं वरच्या पट्टीचा जोड नसतो, तेव्हा डोक्यापासून सव्वातीन इंचावर खूण करून तिथंच शिलाई थांबवा आणि मायेला आडवी छोटी खाच द्या, म्हणजे वरचा भाग सपाट मुडपता येतो. खाच टिपेला लागता कामा नये.

तळ सपाट करायला हरकत नाही. पिशवी उलटी असताना कोपरा असा ओढा की कडेची शिलाई तळाच्या शिलाईवर येईल. त्रिकोण तयार होतो. टोकापासून एक इंचावर आडवी टीप मारा, ती २ इंच लांब भरेल. दोन्ही कोपरे केले की तळ २ इंचाचा, पण उंची एक इंचानं कमी होते. तुमच्या सामानाला ती परवडते. याहून मोठा तळ घेऊ नका.

---

निळीचं_पाणी, छत्रपती संभाजीनगर

रंगाचं उत्तर देते. मीठ-तुरटीवर विसंबू नका. कारखान्यातून कच्चा रंग घेऊन आलेलं कापड घरच्या मिठानं पक्कं होत नाही. तुकडा ओला करा, पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यावर जोरात घासा, दोन्ही एकत्र पिळून वाळवा. पांढऱ्यावर डाग आला तर तो तुकडा वेगळा. दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊनही सोडत असेल तर फिक्या कापडाशेजारी लावायचाच नाही. गडद कापडाच्या गडद पिशव्या वेगळ्या करा, आणि त्यांना अस्तरही गडदच. पांढऱ्या टॉवेलावर लाल डाग पडला तर पोरगी ती पिशवी पुन्हा वापरणार नाही.

सगळं सुती कापड कापायच्या आधी धुवा. नव्या सुती कापडात खळ असते, ती गेली की कापड आटतं. आधी धुतलं नाही तर मापात शिवलेली पिशवी नंतर आखडते आणि अस्तर व वरचं कापड वेगवेगळं आकसतं. बारीक तुकडे मोकळे धुतले तर सुतांचा गुंता होतो. उशीच्या अभ्र्यात भरून तोंड बांधा आणि तसेच खळबळा. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, कापड राठ होतं, म्हणून शेवटचं खंगाळणं साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या पाण्यात जमलं तर करा. पाण्याची टंचाई असेल तर फिक्यापासून गडदाकडं जा, म्हणजे तेच पाणी पुढच्या ढिगाला चालतं.

धुतल्यावर थोडं दमट असतानाच इस्त्री करा. चुरगळलेल्या कापडावर पट्टी ठेवून ४ इंच मोजलं तरी तो चौकोन ४ इंचाचा निघत नाही, आणि तीन चौकोनांत तो फरक वाढत जातो. टेरिकॉटला इस्त्री कमी गरम, वर सुती फडकं ठेवून.

खणाबद्दल अजून एक. पैठणी, हिमरू, जरीचे तुकडे पोत्यात सापडतील. ते या कामाला नकोत. हिमरूच्या उलट्या बाजूला धागे मोकळे तरंगत असतात, कंगव्याच्या दातात अडकून ओढले जातात. पैठणी रेशीम, आपटून धुतली की गेली. जर घासून काळी पडते. ते तुकडे विकायच्या बटव्यांसाठी ठेवा, त्या पैशातून दोरा येईल.

---

पाचखणी, परभणी

दोऱ्यावरून आठवलं. वर आणि बॉबिनला दोन्हीकडं पॉलिस्टरचा दोरा घ्या. जुनं सुती रीळ कपाटात पडून कमजोर झालेलं असतं, हातानं तोडून बघा, सहज तुटलं तर नको.

५० पिशव्यांचा हिशोब मांडून ठेवा. पट्ट्या १००, अस्तर किंवा पाया १००, नाड्या १००. नाडीचं कापड लांबीनं २८०० इंच, म्हणजे ७१ मीटर. तयार नाडी आणायची असेल तर ७५ मीटर धरा, बारीक गोल नको, चपटी सुती घ्या. ४४ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) साडेपाच मीटर साडीत ११ इंचाचे चौकोन आडवे ४ आणि उभे १९ बसतात, म्हणजे ७६. विरलेला भाग सोडून ५० जरी निघाले तरी दोन साड्यांत अस्तर पुरतं. पायासाठी साडेअकरा इंच कापणार असाल तर आडवे ३ च बसतात, मग तिसरी साडी लागेल. उरलेली कड गुंडाळायच्या पट्टीला घ्या.

काम वाटून द्या, पण एका बाईनं एक अख्खी पिशवी असं नको. दोघी फक्त कापणार, पुठ्ठ्याचे साचे करून: एक ११ बाय ११ चा, एक ११ बाय साडेतीनचा, एक ४ चा. टेप लावून प्रत्येकीनं मोजलं तर प्रत्येकीचं माप वेगळं येतं. चौकोन जोडताना दोरा न तोडता एकामागून एक जोड्या मशीनखाली सरकवत जा, माळ तयार होते, शेवटी कात्रीनं सुट्या करा.

---

वाकळ, धाराशिव

देण्याबद्दल दोन गोष्टी. शिवायच्या आधी वसतिगृहाच्या अधीक्षिका बाईंना मुलींचा आकडा आणि वयं विचारा, आणि पाच-सात पिशव्या जास्तीच्या करा. हंगाम सुरू झाल्यावरही मुली येत राहतात. सगळ्या पिशव्या सारख्या दर्जाच्या हव्यात. रंग वेगळे चालतील, पण एकीला अखंड नवं कापड आणि दुसरीला विटक्या चिंध्या असं झालं की वाटपाच्या वेळीच पोरींची तोंडं उतरतात. बाहेरून गटाचं किंवा देणगीदाराचं नाव छापू नका. पॅड ठेवायची पिशवी आहे, तिच्याकडं चारचौघांचं लक्ष जायला नको.

त्याऐवजी आतल्या बाजूला, नेफ्याखाली, दीड बाय अडीच इंचाचा पांढरा मांजरपाटाचा तुकडा शिवा. मुलगी तिथं स्वतःचं नाव पेननं लिहील किंवा दोऱ्यानं काढील. एका खोलीत एवढ्या पिशव्या टांगल्या की ओळखायला तेवढं पुरतं.

---

गोधडीकर, अंबाजोगाई

टांगण्यावरून एकच विचारते. वसतिगृहात भिंतीला खिळेच आहेत. नाडीनंच टांगली तर चालेल ना?

---

उभा_धागा, लातूर

नाडीनं टांगू नका. भरलेल्या पिशवीचं सगळं वजन नेफ्याच्या फटीवर येतं आणि शिलाई तिथूनच सुटते. ६ इंच लांबीची नाडीसारखीच चौपदरी पट्टी निम्म्यात दुमडा. मागच्या बाजूची पट्टी जोडताना तिची दोन्ही टोकं मधोमध त्या जोडात घाला, घडी खालच्या अंगाला, म्हणजे चौकोनांच्या पत्र्यावर सुलट्या बाजूनं पडलेली. पट्टी वर वळवली की आडी, म्हणजे टांगायचा हा फास, बाहेरच्या बाजूला लोंबेल. नेफ्याची खालची टीप मारताना आडी वर उचलून धरा आणि तिच्यावरून तीनदा मागं-पुढं जा. अडीच इंचाच्या आसपास आडी तयार होते, मोठ्या खिळ्यालाही पुरते.

आडीसाठी ५० पिशव्यांना ३०० इंच पट्टी जास्त लागेल, साडेसात-आठ मीटर. ती नाडीच्या हिशोबात आत्ताच मिळवा आणि टेरिकॉटमधूनच कापा.